स्टिअरिंगमधली राख

"पेयेल शे."

हे दोन शब्द ऐकले की अजूनही माझं डोकं तापतं. पेयेल म्हणजे प्यालेला. आमच्या गावाने एका माणसावर हे दोन शब्द असे चिकटवले की तो गाव सोडून गेला तरी ते निघाले नाहीत. आणि त्या माणसाने ट्रॅक्टरवर बसून कधी एक थेंब घेतलेला नव्हता. होळीला घ्यायचा, तसं तर गावातले मोठमोठे पागोटेवालेही घेत होते. त्यांना कोणी काही म्हटलं नाही, कारण ते घरी डुलायचे. हा डुलत होता भर रस्त्यात, आणि तोही आमच्या ट्रॅक्टरमुळे.

आमचं गाव शहाद्याकडचं, तापीच्या काळ्या जमिनीतलं. आता त्याला नंदुरबार जिल्हा म्हणतात, तेव्हा धुळ्यात होतं. साठ सालाच्या आसपास माझ्या थोरल्या भावाने ट्रॅक्टर आणला. पंचक्रोशीत पहिला नव्हता, पण आमच्या गावात पहिला. वडील, म्हणजे आबा, तेव्हाच साठीच्या पुढे होते. कारभार सगळा भाऊकडे. भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आणि घरात त्याचा शब्द शेवटचा. ट्रॅक्टर चालवता मात्र त्याला येत नव्हता. तो मडगार्डवर बसायचा, एक हात मांडीवर ठेवून, गाव बघत.

चालवायला ठेवला होता भिलाटीतला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतला, एक सालदार. तीस-बत्तीसचा असेल. रस्त्याच्या कामावर रोलर चालवून तो शिकलेला होता. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. त्या दिवशी मालक सांगतो, राहा किंवा जा. मध्ये कोणी कोणाला काढत नाही. त्यामुळे चैत्र लागला की सालदाराच्या घरात सगळे मालकाच्या चेहऱ्याकडे बघायला लागतात.

मी दोन वर्षं सुरतेला एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. परत आलो ते माघात. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चावडीसमोर उभा होतो, तर समोरून आमचा ट्रॅक्टर आला. रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला, पुन्हा या कडेला. चावडीवरचे बसल्या जागी हसले.

"देखा, ऊना भो डुलत डुलत! सकायलेच पेयेल शे."

मी ट्रॅक्टरमागे घरापर्यंत चालत गेलो. ड्रायव्हर उतरला. त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता, आणि डोळे थकलेले पण स्वच्छ होते. स्टिअरिंगच्या चाकाला त्याने एक लाल चिंधी बांधली होती. गावात सांगत होते की त्याने दारू सुटावी म्हणून नवस बोललाय, त्याची ती चिंधी. मी विचारलं, हे कशाला?

"पुढली चाके सरळ शेतस का नही, ते समजाले," तो म्हणाला. "मी चाक फिरावस, पन ते पहिले इचार करस, मंगन वळस."

मी स्टिअरिंगला हात लावला. एका बोटाने चाक इकडून तिकडे फिरत होतं, चांगलं दीड वीत, आणि खाली पुढची चाकं ढिम्म हलत नव्हती. याला फिटर लोक प्ले म्हणतात. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला मळसूत्र असतं, ते एका दातेरी गिअरला फिरवतं, आणि तो गिअर पुढची चाकं वळवतो. दोघांचे दात झिजले की मध्ये नुसती पोकळी राहते. माणूस चाक फिरवतो, गाडी ऐकत नाही. मग तो जास्त फिरवतो, आणि गाडी एकदम दुसरीकडे जाते. असा ट्रॅक्टर त्या माणसाने किती महिने शेतात आणि रस्त्यावर सांभाळला होता, आणि कोणाला धक्काही लावला नव्हता. खरं तर त्याचा सत्कार करायला हवा होता.

त्या संध्याकाळी जेवताना मी भाऊला सांगितलं की स्टिअरिंगचे गिअर गेलेत, त्यांचा डबा उघडायला हवा.

भाऊच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सुरतमा दोन वरीस काय ऱ्हायना, आते माले शिकाडस का? तीन वरीसमा गिअर झिजस? तो पेस. बठ्ठं गाव सांगी ऱ्हायनं. ही आखाजी व्हयनी का मी त्याले काढी टाकसू."

"गावले काय समजस गिअरमधलं?"

"आनि तुले काय समजस गावमधलं?"

आबा खाली मान घालून जेवत होते. त्यांना अलीकडे एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि आम्हा दोघा भावांचं वाजलं की ते तो कान आमच्याकडे करायचे. वहिनीने भाकरी वाढली आणि विषय संपला. भाऊ विषय असाच संपवायचा, हात धुवून.

चैत्रात उसासाठी नांगरट सुरू झाली. मी रोज एकदा म्हणायचो, डबा उघडू. भाऊ रोज म्हणायचा, कामाचे दिवस आहेत, ट्रॅक्टर उभा राहणार नाही. शेवटी एके सकाळी तो स्वतः पाना घेऊन आला. डब्याच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो आवळला की गिअर मळसूत्राच्या जवळ सरकतो. हे त्याला शहाद्यात कोणीतरी सांगितलं होतं. त्याने स्क्रू आवळला, चांगला जोर लावून, आणि मला बोलावून चाक हलवून दाखवलं.

"देख. गया ना तुन्हा प्ले?"

प्ले गेला होता, तेवढं खरं. मी घसा फोडून सांगितलं की हे करू नको. झिजतात ते मधले दात, कारण गाडी दिवसभर सरळच चालते. कडेचे दात कोरे असतात. मधल्या दातांच्या मापाने आवळलं तर पूर्ण वळताना कोरे दात अडकून बसतात. भाऊ म्हणाला, चल, कामाला लागू दे. ड्रायव्हर आमच्या दोघांकडे बघत होता. मालकाने आवळलेला स्क्रू सालदार कसा सैल करणार? तो बसला आणि निघाला.

दुपारच्या आत निरोप आला. शेताच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना स्टिअरिंग अडकलं, सुटलंच नाही. ब्रेक दाबेपर्यंत ट्रॅक्टर गोल फिरत शेजारच्या केळीत शिरला. केळी आमचीच, पण घडावर आलेली. वीस-पंचवीस झाडं आडवी झाली आणि पुढची चाकं पाटात बसली. मी पळत गेलो. ड्रायव्हर केळीच्या चिकात माखलेला उभा होता.

"वळी गयं, पन परत उनं नही," एवढंच तो मला म्हणाला.

बैल लावून ट्रॅक्टर ओढून काढला आणि गावात आणला. चावडीसमोर भाऊ वाटच बघत होता. त्याने काही विचारलं नाही. सगळ्या गावासमोर त्याने ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी भाऊचा हात धरला, त्याने तो झटकला. चावडीवरून कोणीतरी म्हणालं, आते उतरी. म्हणजे आता नशा उतरेल. लोक हसले. ड्रायव्हरने गालाला हातसुद्धा लावला नाही. तो वळून भिलाटीकडे चालत गेला, अगदी सरळ. ते बघायला मात्र कोणाला डोळे नव्हते.

मग मी कोणालाच विचारलं नाही. खळ्यात ट्रॅक्टर उभा केला आणि डबा उघडायला बसलो. स्टिअरिंगचं चाक दांड्यावर गंजून घट्ट बसलं होतं, ते लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून ठोकून काढलं. डब्याला पुढच्या चाकांशी जोडणारा खालचा लोखंडी हात सोडवला. बोल्ट काढले. मी इतक्या रागात होतो की दोन बोटं सोलली गेली तरी थांबलो नाही. भाऊ आतून दोनदा ओरडला, मी ऐकलं नाही. डबा काढून पोत्यावर उलटा केला.

त्यातून तेल आलं नाही. आलं ते काळं, घट्ट, चिखलासारखं काहीतरी, आणि त्याला एरंडेलाचा वास होता.

मी ते चिमटीत घेऊन चोळलं. कचकच लागली. बारीक वाळू चोळावी तसं. गिअर पुसला तर मधले चार दात कोयत्याच्या पात्यासारखे पातळ झाले होते आणि कडेचे जसेच्या तसे होते. मी तो गिअर पुन्हा नाकाशी धरला, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. तो आबांच्या वंगणाचा वास होता.

आबांचं वंगण गावात नावाजलेलं होतं. एरंडेल गरम करायचं, त्यात गवत जाळून केलेली राख घालायची, आणि हाताने घोटत बसायचं. बांबूच्या नळकांड्यात भरून ते गाडीच्या साटीखाली टांगलेलं असायचं. आमच्या बैलगाडीचं चाक कधी कुरकुरलं नाही. शेजारचे लोक मागून न्यायचे. ट्रॅक्टर आला त्या वर्षीच्या पोळ्याला आबांनी बैल पूजले, गाड्यांना वंगण दिलं, आणि मग नळकांडं घेऊन ट्रॅक्टरपाशी आले. ह्यालाही वर्षाचं वंगण द्यायला हवं, म्हणाले. कुठे द्यायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला यंत्रांचा नाद, म्हणून मला हाक मारली. मी पाना आणला आणि स्टिअरिंगच्या डब्यावरचं बूच उघडून दिलं. आबांनी नळकांडं रिकामं होईपर्यंत ओतलं. मी शेजारी उभा राहून हसत होतो. त्यानंतर मी सुरतेला गेलो. पुढच्या पोळ्यांना आबांनी ट्रॅक्टरला नुसतं कुंकू लावलं, असं वहिनी सांगते. बूच उघडायला त्यांना माझाच हात हवा होता.

बैलगाडीचा आस जाडजूड, सैल आणि हळू फिरणारा. त्याला राख चालते. लोखंडाचे दात एकमेकांत घट्ट बसवलेले असतात, तिथे तीच राख कानशीचं काम करते. हे मी सुरतेला शिकलो. त्याआधी मला कळत नव्हतं, हे माझं कारण. पण कळल्यावर मी जे केलं त्याला कारण नाही.

भाऊला बोलावून मी ते दाखवलं. त्यालाही वास लगेच कळला. तो पोत्याजवळ उकिडवा बसला, बोट बुडवलं, हुंगलं. मला वाटलं, आता हा ड्रायव्हरला भेटायला भिलाटीत जाईल. तो उठला आणि दार लावून आला.

"कोनले सांगं?"

"कोनलेच नही अजून."

"मंग सांगू नको. चावडीमा आबानं नाव लेशी? लोके हासतीन. म्हननार, म्हातारानी ट्रॅक्टरले वंगन पाजं. जलमभर त्याले त्याच नावखाल हाक मारतीन. तुन्हा बी बापच शे ना तो?"

त्याचं गावाबद्दलचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचं गाव तसंच आहे. एकदा एखाद्याला हसायला घेतलं की त्याच्या तेराव्यापर्यंत सोडत नाही. पण ड्रायव्हरला तेच गाव हसत होतं, त्याचं काय? तोही कोणाचा तरी बाप होता. हे मी भाऊला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मूग गिळून बसलो. आणि खरं सांगायचं तर मला फक्त आबांची काळजी नव्हती. बूच मी उघडलं होतं. सुरतेहून शिकून आलेला फिटर म्हणून मी गावात मिरवत होतो, आणि हसण्यात माझाही वाटा असता.

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला गेलो. मळसूत्र आणि गिअरची जुनी जोडी फडक्यात बांधून दुकानदारासमोर ठेवली. त्याने गिअरचे दात पाहिले आणि विचारलं, नदीची रेती टाकली होती का आत? मी म्हटलं, माहीत नाही. असे खोटं बोलायचे धडे मी त्याच दिवशी गिरवले. नवं मळसूत्र आणि नवा गिअर घेऊन परतलो.

बसवण्याचं काम मात्र मी मन लावून केलं. डबा रॉकेलने तीनदा धुतला, शेवटच्या वेळी तळाला बोट फिरवून कचकच उरली नाही ना ते पाहिलं. नवं मळसूत्र घातलं, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून वेढे मोजले, बरोबर निम्म्यावर आणलं, पुढची चाकं सरळ केली आणि मग खालचा हात जोडला. स्क्रू जेमतेम आवळला. दोन्ही टोकांना चाक मोकळं फिरतंय हे बघून तेल ओतलं, साधं, स्वच्छ, पातळ तेल. चाकावर बोट ठेवलं की पुढची चाकं लगेच हलायला लागली. गावातून चक्कर मारली तर ट्रॅक्टर सुतासारखा सरळ. चावडीवरचे म्हणाले, बघा, माणूस शुद्धीत असला की कसा चालतो. मी ट्रॅक्टर थांबवला नाही.

लाल चिंधी मी चाकावरून काढून खिशात ठेवली होती.

आखाजीला ड्रायव्हर आला. सणाचा दिवस, घरात आंब्याचा रस आणि पुरणपोळ्यांचा वास. अंगणाच्या कडेला तो उभा राहिला. भाऊने ओसरीवरूनच सांगितलं, यंदा नको. एवढं बोलून तो घरात गेला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

"धाकला भाऊ, डब्बा उघाडा ना तुम्ही?"

"हा."

"काय निंघनं?"

"गिअर झिजी गयथा."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग मी पेयेल नव्हतू ना?"

"नव्हता."

"हाई चावडीमा सांगशात का?"

मी मागे घराकडे पाहिलं. भाऊ दारात नव्हता, पण असल्यासारखाच होता. "सांगसू," मी म्हणालो. त्याने मान हलवली, माझ्यावर विश्वास ठेवला, आणि गेला. खिशातली चिंधी त्याला द्यायची राहून गेली. ज्येष्ठात तो बायकोमुलांना घेऊन गुजरातकडे कामाला गेल्याचं कळलं. आमच्या आसपास कोणी त्याला ट्रॅक्टरवर ठेवेना. पिणाऱ्याला कोण ठेवणार?

मी चावडीत सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, करता करता पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी गावातले बैल चावडीसमोर जमायचे होते. शिंगं रंगवून झाली होती. मी खळ्यात होतो. आबा आले, नवं धोतर नेसून, हातात नळकांडं. हात कोपरापर्यंत काळे. पहाटेपासून घोटत बसले होते.

"ऊना ना तू आते सुरतहून. ते बूच खोल रे. दोन वरीस व्हयनात, त्याले वंगन दिधं नही."

महिनोन्‌महिने दाबलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. मी म्हाताऱ्या बापावर ओरडलो. तुमच्या वंगणाने गिअर खाल्ले, राखेने दात कापले, ट्रॅक्टर डुलत होता तो दारूने नाही, तुमच्या राखेने! मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. आठवतं एवढंच की मी नळकांडं त्यांच्या हातातून हिसकावलं.

आबांनी मला पूर्ण बोलू दिलं. त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला होता. मग स्वतःच्या बोटावरचं वंगण चिमटीत घेऊन चोळलं, जसं मी चोळलं होतं. राख कशी घासते ते त्यांना दोन शब्दांत कळलं. पन्नास वर्षं चाकं सांभाळलेला माणूस तो.

"तुले कव्हय समजनं हाई?" त्यांनी विचारलं.

"चैतमा."

"आखाजीना पहिले?"

मी हो म्हटलं.

"मंग त्या पोऱ्याले कसाले काढं?"

मी म्हणालो, भाऊ म्हणाला, लोक तुम्हाला हसतील.

"माले इचारं का कोनी?" आबा म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते तसेच, काळ्या हातांनी, चावडीकडे चालायला लागले. मी मागे. सगळं गाव जमलेलं होतं, बैल, ढोल, पोरंबाळं, भाऊ मध्ये उभा, आमच्या बैलांचे कासरे धरून. आबांनी हात वर करून ढोल थांबवायला लावला आणि सांगितलं, ट्रॅक्टरच्या डब्यात राखेचं वंगण मी टाकलं होतं. गिअर त्याने झिजले. तो पोऱ्या पेयेल नव्हता. चूक मन्ही शे.

मग मीही बोललो. चार महिने उशिरा, पण बोललो. बूच मी उघडलं होतं, गिअर मी पाहिलेत, तो शुद्धीत होता.

कोणी हसलं नाही. भाऊची भीती खोटी ठरली. मग चावडीवरचा एक म्हातारा पुढे आला, त्याने आबांच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भिल्लना पोऱ्यासाठे सोतावर लेतस आबा. केवढं मोठं मन शे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी आबांना टिळा लावला. आबा सांगत राहिले, नाही रे, खरंच मी टाकलं, हे बघा माझे हात. ढोल पुन्हा सुरू झाला होता.